साडेचारशे सेंटीमॉर्गन: नातं नक्की कोणतं?

डीएनए चाचणीचा निकाल आला की बहुतेकांचं लक्ष आधी पूर्वज कोणत्या प्रदेशातले हे सांगणाऱ्या टक्केवारीच्या रंगीत नकाशाकडे जातं. वंशावळीच्या कामात तो नकाशा जवळजवळ निरुपयोगी आहे. खरा माल असतो जुळणाऱ्या माणसांच्या यादीत, प्रत्येक नावासमोरच्या सेंटीमॉर्गनच्या आकड्यात. दोघांच्या डीएनएत सारख्या निघालेल्या तुकड्यांची ही एकूण लांबी.

आजी-आजोबा एकच असलेल्या भावंडांत हा आकडा सरासरी ८६६ येतो. मग ती चुलत असोत, मामे-आते असोत की मावस. पणजी-पणजोबा एक असतील तर २२९. खापरपणजोबांपर्यंत मागे गेलं की सरासरी ७३ उरते, आणि अशा दहातल्या साधारण एका जोडीत काहीच जुळत नाही. त्यामुळे ‘यादीत नाव नाही म्हणजे नातं नाही’ हा निष्कर्ष पणजोबांच्या पलीकडे काढता येत नाही. सरासरीभोवतीची व्याप्तीही मोठी असते. २२९ ही सरासरी असली तरी प्रत्यक्षात ४१ पासून ५९२ पर्यंत काहीही दिसू शकतं. डीएनए पेंटर या संकेतस्थळावरच्या तक्त्यात आकडा टाकला की कोणती नाती किती संभवतात हे फुकट कळतं.

अडचण इथूनच सुरू होते. समजा यादीत कोणीतरी ४५० ला जुळलं. तक्ता सांगतो, हा आई किंवा वडिलांचा चुलत-मामे भाऊ असेल (सरासरी ४३३), नाहीतर सावत्र चुलत भावंड, म्हणजे आजी-आजोबांपैकी एकच समाईक असलेलं (सरासरी ४४९). मराठी घरांत तिसरी शक्यताही तितकीच जिवंत असते: नातं पणजोबांपासूनचंच आहे, पण दोन वाटांनी आलेलं. आई मामाची मुलगी आणि वडील आत्याचा मुलगा असतील, तर त्यांच्या मुलाला आठऐवजी सहाच पणजी-पणजोबा असतात. त्याच पणजोबांच्या तिसऱ्या अपत्याच्या शाखेतल्या नातलगाशी तो मुलगा दोन्ही बाजूंनी जोडला जातो, आणि २२९ चे जवळपास दुप्पट होतात. तक्ता एकच नातं गृहीत धरतो, त्यामुळे तो एक पिढी जवळचं नातं सांगून मोकळा होतो.

तिन्ही शक्यता वेगळ्या करता येतात. मामे-आते लग्न तपासायला जेडमॅच या संकेतस्थळावर आपली कच्ची फाइल (चाचणी कंपनीकडून उतरवून घेता येणारी मूळ डीएनए माहिती) चढवून ‘आई-वडील नात्यातले आहेत का’ हे साधन चालवायचं. दोन्ही पालकांकडून एकसारखे आलेले लांब तुकडे ते मोजतं. आई-वडील सख्खे मामे-आते भावंडं असतील तर त्यांची बेरीज सरासरी दोनशेच्या थोडी वर जाते. ती शून्याच्या आसपास असेल तर तुमच्या बाजूने तरी ही शक्यता बाद. समोरच्याच्या बाजूचं काय? त्याचीही फाइल त्याच्या संमतीने तपासा. हे लोक हमखास विसरतात.

सावत्र नात्यासाठी समाईक जुळण्या, म्हणजे तुमच्या आणि समोरच्याच्या दोन्ही याद्यांत असलेली नावं, पाहायच्या. समोरच्याचे नातलग फक्त आजोबांच्या बाजूने जुळतात आणि आजीच्या माहेरचं एकही माणूस जुळत नाही, असं असेल तर आजोबांची दोन लग्नं झाली होती का हे कागदात शोधायचं. कुलवृत्तांतात पहिली बायको बाळंतपणात गेली असेल तर तिचं नाव पुष्कळदा गाळलेलं असतं. गाव नमुना नंबर १४ मध्ये, म्हणजे ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात त्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, ‘अमुकची बायको’ एवढी मृत्यूची नोंद सापडली तरी काम होतं. वारस नोंदी आणि फेरफारही पाहा. कुणबी नोंदींच्या शोधात असे बरेच मोडी कागद स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आले आहेत. (जातीच्या दाखल्याला मात्र डीएनए चालत नाही. तिथे कागदच लागतो.)

राहिला पालकांचा चुलतभाऊ. तिथे वय आणि पिढी जुळवायची, आणि त्यासाठी जन्मतारखा भरवशाच्या हव्यात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर १ जून असेल तर ती तारीख मास्तरांनी घातलेली समजा. वर्षही दोन-तीनने इकडेतिकडे असू शकतं. घरात जन्मपत्रिका असेल तर ती जास्त विश्वासाची. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो. माघ-फाल्गुनातला जन्म असेल तर ७९. मार्गशीर्षाच्या अखेरीस आणि पौषात मात्र त्या वर्षीचं पंचांग पाहूनच ठरवावं लागतं.

जातीतल्या जातीत शतकानुशतकं लग्नं झाल्याने आणखी एक गोंधळ होतो. ९० सेंटीमॉर्गनची जुळणी आठ-आठ, दहा-दहाच्या तुकड्यांची बनलेली असेल, तर ते एक जवळचं नातं नसून अनेक दूरच्या नात्यांची बेरीज असण्याचा संभव जास्त. म्हणून एकूण आकड्याआधी सर्वात लांब तुकडा पाहावा. सातच्या खालचे तुकडे तर सोडूनच द्या. त्यांतले बरेचसे योगायोगाचे असतात.

आता बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र. कुलवृत्तांताची छापील शाखा तपासायला हे उत्तम, पण चाचणी शेजारच्या चुलतभावांची करू नये. एकमेकांपासून सर्वात लांबच्या दोन शाखांतले पुरुष निवडा, त्या गुणसूत्रावरच्या किमान ३७ खुणांची (मार्करची) चाचणी करा. जुळले तर दोघांच्या मूळ पुरुषापर्यंतची ओळ एका फटक्यात पक्की होते. नाही जुळले तर तिसऱ्या शाखेतला माणूस लागतो. त्याशिवाय कोणत्या शाखेत तुटलं हे कळत नाही.

तुटलं म्हणजे लगेच भानगड नव्हे. आधी दत्तकविधान शोधा. जुन्या मुंबई इलाख्यातल्या हिंदू कायद्यानुसार महाराष्ट्रातली विधवा नवऱ्याची आगाऊ परवानगी नसतानाही दत्तक घेऊ शकत असे, त्यामुळे आपल्याकडे दत्तकांची संख्या कमी नाही. मुलगा बहिणीचा किंवा मुलीचा असेल तर वाय बदलतं. भाऊबंदांतून घेतलेला असेल तर काहीच दिसत नाही. १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक आलेले तिसरे सयाजीराव नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या गायकवाडांपैकी. अशा दत्तकाचा पत्ता वाय चाचणीला लागत नाही, तो कागदालाच लागतो. गोत्रावरून वायचा अंदाज बांधणं तर सोडूनच द्या.

कागद आणि डीएनए एकमेकांना कुठे पूरक ठरतात याचं सर्वात अभ्यासलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या गुलाम असलेल्या सॅली हेमिंग्ज यांच्या मुलांचा बाप कोण, हा जुना वाद. जेफरसनच्या पत्नीपासून झालेला मुलगा वाचला नव्हता, म्हणून १९९८ मध्ये त्यांच्या काकांच्या पुरुषवंशजांचं वाय सॅलीच्या धाकट्या मुलाच्या, एस्टनच्या, पुरुषवंशजाशी ताडून पाहिलं. जुळलं. ज्यांच्याकडे बोट दाखवलं जायचं ते जेफरसनचे कार आडनावाचे भाचे बाद झाले. पण तेच वाय जेफरसनच्या भावाचंही होतं. डीएनए तिथे थांबला. सॅलीच्या प्रत्येक गर्भधारणेच्या सुमारास जेफरसन मॉन्टिचेलो या आपल्या घरीच होते हे त्यांच्या मुक्कामाच्या नोंदींवरून दिसतं, आणि बहुतेक इतिहासकारांचं मत त्यांच्याकडे झुकलं ते दोन्ही पुरावे एकत्र ठेवल्यावर.

चाचणी कुणाची करायची याचा क्रम साधा आहे: घरातलं सर्वात वयस्कर माणूस आधी. आजीची बहीण हयात असेल तर नातवाच्या चाचणीवर पैसे घालवू नका. प्रत्येक पिढीत निम्मा डीएनए गळतो. थुंकी देण्याआधी अर्धा तास खाणं-पिणं नाही, पान-तंबाखूही नाही. म्हाताऱ्या माणसांचं तोंड कोरडं असतं, नळी भरता भरत नाही. त्यांच्यासाठी गालाच्या आत बोळा फिरवायचं किट मागवावं. संमती घेताना नको ते नातंही बाहेर येऊ शकतं हे आधीच स्पष्ट सांगा. आणि निकाल आला की कच्ची फाइल त्याच दिवशी उतरवून घ्या. अशा चाचण्या करणाऱ्या एका मोठ्या कंपनीतून २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख लोकांची माहिती फुटली आणि २०२५ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला.