१८०.०१ अंश!

आज वर्गात प्रोजेक्टरवर जिओजेब्रा हे गणिताचं सॉफ्टवेअर उघडलं. (साल्झबर्ग विद्यापीठातल्या मार्कस होहेनवार्टर यांच्या २००१ सालच्या प्रबंधाच्या कामातून हे निघालं. विद्यार्थ्यानंच केलेलं, म्हणून जरा जास्तच जिव्हाळा!) त्रिकोणाच्या कोनांची बेरीज फळ्यावर वर्षानुवर्षं शिकवलीय, पण शिरोबिंदू माउसनं ओढला की तिन्ही कोन डोळ्यांदेखत बदलतात, हे खडूला कुठून जमायचं? "अजून ताणा, अजून ताणा" चालूच. त्रिकोण पार काडीसारखा चपटा झाला, तरी बेरीज १८०च.

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, बेरीज १८०.०१ येतेय." वर्गात खसखस पिकली. वही पाहिली: ४१.३७, ६५.२७, ७३.३७. बरोबर होती की पोरगी!

मग धडा राहिला बाजूला. पडद्यावर दोनच दशांश स्थळं दिसतात. तेवढ्यात बसवताना तिन्ही आकडे किंचित वर ढकलले गेले की बेरीज फुगते. सेटिंगमध्ये जाऊन पाच स्थळं केली, तशी तफावत आणखी बारीक झाली. प्रशिक्षणात कुठलं बटण कुठे आहे एवढंच सांगितलं होतं, हे नव्हतं.

उद्या वर्तुळ. 'पाय'चे किती आकडे दिसतील, हे तिनं आजच विचारून ठेवलंय.