बीएस्सी ॲग्रीनंतर कृषी सेवा केंद्र : परवान्याचा माझा अनुभव

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाशी संलग्न कॉलेजातून मी बीएस्सी ॲग्री केलं. चार वर्षं, आठ सेमिस्टर, त्यात गावात राहून केलेला ग्रामीण कृषी कार्यानुभव, म्हणजे 'रावे'. सगळं वेळेवर झालं, त्यामुळे त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पुढे वर्गातली बरीच पोरं एमपीएससीच्या कृषी सेवेसाठी पुण्यात रूम करून बसली, काही बँकेच्या कृषी अधिकारी परीक्षेच्या मागे लागली, चार-दोन एमएस्सीला गेली. मला बियाणं, खतं आणि फवारणीची औषधं विकणारं दुकान टाकायचं होतं. "दुकानच टाकायचं होतं तर एवढं शिकलास कशाला?" हे घरी रोज ऐकलं. अहो, शिकलो म्हणूनच टाकता येतं! औषधांच्या परवान्याला कृषी किंवा विज्ञानाची पदवी, नाहीतर पदविका लागते.

बियाणं, खत आणि औषध, तिन्हींचे परवाने वेगळे. अर्ज ऑनलाइन. बियाण्याचं काम सरळ झालं. घोडं अडलं खतात.

खताच्या अर्जाला उगम प्रमाणपत्र जोडावं लागतं. बाजारात त्याला 'ओ फॉर्म' म्हणतात. माल ज्याच्याकडून घेणार तो ठोक विक्रेता किंवा कंपनी ते देते. मी ठोक विक्रेत्याकडे गेलो, तर तो म्हणतो, "आधी परवाना दाखवा, मग खातं उघडू." कृषी कार्यालयात गेलो, तर साहेब म्हणतात, "ओ फॉर्म नाही तर अर्ज पुढे कसा सरकवू?" उन्हाळाभर मी या दोघांच्या मधे चेंडूसारखा टोलवला जात होतो. शेवटी वडिलांच्या ओळखीच्या एका जुन्या दुकानदाराने मध्यस्थी केली आणि फॉर्म मिळाला.

अपलोड केला. काही दिवसांनी त्रुटी : ज्याने फॉर्म दिला त्याच्याच परवान्याची मुदत संपत आली आहे, नवीन जोडा. नवीन जोडला. पुन्हा त्रुटी : भाडेकरारात दुकानाचं नाव 'ॲग्रो एजन्सी', फॉर्मवर नुसतं 'ॲग्रो'. अरे, मग हे पहिल्याच वेळी दिसलं नव्हतं का? सगळ्या त्रुटी एकदम लिहून द्यायला कोणी हात धरला होता? टेबलावर विचारलं तर उत्तर ठरलेलं : "सिस्टीममध्ये येईल, बघत राहा." एव्हाना मृग लागला होता. समोरच्या दुकानात सोयाबीनच्या बॅगांसाठी रांग होती आणि मी रिकाम्या रॅक पुसत होतो.

म्हणून सांगतो, ओ फॉर्म घेताना देणाऱ्याच्या परवान्याची झेरॉक्स मागून मुदतीची तारीख स्वतः वाचा. दुकानाचं नाव आणि मिळकत क्रमांक ग्रामपंचायतीच्या 'नमुना आठ' उताऱ्यावर जसा आहे तसाच सगळीकडे लिहा, एक अक्षर इकडेतिकडे नको. औषधांसाठी प्रत्येक कंपनीचं प्रिन्सिपल सर्टिफिकेट, म्हणजे तिचा माल विकायला तिची लेखी संमती, वेगळं असतं, ते हिवाळ्यातच गोळा करा. मार्चनंतर कंपनीचा माणूस फोन उचलत नाही.

दुकानाच्या जागेची मोका तपासणी मात्र पटकन उरकली. आलेल्या अधिकाऱ्यांनी औषधांची जागा खाण्याच्या वस्तूंपासून वेगळी आहे का ते पाहिलं, चतुःसीमेचा नकाशा ताडला आणि चहाही न घेता निघाले. चांगली माणसंही असतात.

मधेच आठवलं : शेवटच्या वर्षाला असतानाच ओळखीचे काका विचारतात, "तुझं सर्टिफिकेट आमच्या दुकानाला लाव, वर्षाला पैसे देतो." देऊ नका. उद्या त्या दुकानातल्या मालाचा नमुना तपासणीत नापास झाला की उत्तर द्यायला तुम्ही उभे.

परवाना हातात आला तेव्हा खरिपाची पेरणी उरकली होती. पण त्या कागदावर माझ्याच पदवीचा उल्लेख आहे, भाड्याच्या नाही. फ्रेम करून गल्ल्याच्या मागे लावलाय.

आणि हो, परवाना मिळाला म्हणजे लगेच युरिया विकता येतो असं नाही. अनुदानाचं खत पॉस मशीनवर, म्हणजे विक्रीची नोंद करणाऱ्या यंत्रावर, आधारसारख्या पुराव्याने शेतकऱ्याची ओळख पटवूनच विकावं लागतं, २६६ रुपये ५० पैशांची युरियाची गोणीसुद्धा. मशीनच्या आयडीसाठी अर्ज परवान्याच्या दिवशीच टाका, नाहीतर त्यात आणखी एक हंगाम जाईल.