मुंबई–टोकियो: अंतर एक, वेळ दोन

निघण्याच्या आदल्या दिवशी आत्याने विचारले, "टोकियो किती तासांवर आहे गं?" तिकिटावर विमान रात्री आठच्या सुमारास सुटून सकाळी साडेसातला टोकियोच्या नारिता विमानतळावर पोहोचणार होते, म्हणजे वरवर पाहता साडेअकरा तास, पण जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असल्याने प्रवास आठ तासांचा. "जाताना आठ, येताना दहा," मी सांगितले. रस्ता तोच, मग येताना दोन तास जास्त का, हा तिचा पुढचा प्रश्न रास्तच होता, आणि त्याचे उत्तर मला फेब्रुवारीतल्या त्या प्रवासात समोरच्या पडद्यावर मिळाले.

मुंबई ते नारिता हे सरळ अंतर सुमारे ६,८०० किलोमीटर आहे. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला, तर तो अरुणाचल प्रदेशाजवळ हिमालय ओलांडून तिबेटच्या पूर्व भागावरून जातो. आमचे विमान मात्र बंगालवरून म्यानमारकडे आणि तेथून युन्नानकडे वळले. विमानातला हवेचा दाब अचानक कमी झाला, तर वैमानिकाला तातडीने दहा हजार फुटांपर्यंत खाली यावे लागते, आणि तिबेटच्या पठारावर जमीनच त्याहून उंच असते. त्यामुळे प्रत्यक्षात कापलेले अंतर नकाशावरच्या अंतरापेक्षा जास्तच भरते.

मध्यरात्र उलटून गेल्यावर, आजूबाजूचे सगळे झोपलेले असताना, मी पडद्यावरचे आकडे वहीत उतरवत होते. बंगालच्या आसपास जमिनीच्या सापेक्ष वेग ताशी ९६० किलोमीटर होता; दक्षिण चीनवर तो १,१४० झाला. विमान हवेतून जवळजवळ त्याच वेगाने जात होते, परंतु ज्या हवेतून ते जात होते, ती हवाच पश्चिमेकडून पूर्वेकडे धावत होती. हाच तो जेट प्रवाह. हिवाळ्यात जपानवर तो जगात सर्वांत जोरदार वाहतो, कधीकधी ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने.

या वाऱ्याची पद्धतशीर मोजणी प्रथम जपानमध्येच झाली, हे मला फार मोलाचे वाटते. १९२० च्या दशकात वासाबुरो ओइशी या हवामानशास्त्रज्ञाने तातेनो येथील वेधशाळेतून आकाशात फुगे सोडून, दुर्बिणीने त्यांचा माग काढत, उंचावरच्या वाऱ्यांचा वेग नोंदवला. जगाने वाचावे म्हणून त्याने १९२६ साली आपला अहवाल एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापला, परंतु जपानबाहेर त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. तातेनो आजच्या त्सुकुबा शहरात आहे, नारितापासून फार लांब नाही. टोकियोतल्या मुक्कामात एक सकाळ काढून मी त्सुकुबाला गेले आणि तिथल्या स्वच्छ, थंड आकाशाकडे बराच वेळ पाहत उभी राहिले. खाली झाडाचे पानही हलत नव्हते.

परतीच्या विमानाने दिवसा उड्डाण केले. किनारा मागे पडल्यावरही वेग ६७० च्या वर जाईना, आणि कोरियापर्यंतचा टप्पा संपता संपत नव्हता. मुंबईत चाके टेकली तेव्हा हवेत दहा तास सात मिनिटे झाली होती. रात्री आत्याला फोनवर हे सारे सांगितले, आणि उन्हाळ्यात हा झोत उत्तरेकडे सरकून मंदावतो, त्यामुळे ऑगस्टमध्ये गेले असते तर दोन्ही वेळांमधला फरक बराच कमी भरला असता, हेही सांगितले.