काटा पळतो, गाडी नाही

रविवार, रात्री ११

आज क्लच स्लिप झाला, म्हणजे इंजिन फिरतंय पण क्लच घसरत असल्याने जोर चाकांपर्यंत पोचत नाही, आणि पहिली दोन सेकंदं मला चक्क आनंद झाला. नवले पुलाकडून कात्रजच्या नव्या बोगद्याकडे चढत होतो. चौथा गिअर, सत्तरचा वेग. ॲक्सिलरेटरवर पाय पूर्ण दाबला तसा आरपीएमचा काटा १८०० वरून उसळला. म्हटलं, पाइप बदलल्याचा काय फरक पडलाय! मग स्पीडोमीटरकडे नजर गेली. तो जिथल्या तिथे. पाय उचलला, काटा खाली बसला, आणि दोन मिनिटांनी एसीच्या जाळीतून तो वास आला. जळक्या ब्रेकसारखा, पण जास्त कडवट.

सगळं सुरू झालं तीन आठवड्यांपूर्वी, खंबाटकीच्या चढावर. गाडी ओढेचना. मागे काळा धूर इतका की एका बाइकवाल्याने शेजारी येऊन हातवारे केले. मग डॅशबोर्डवर दिवा लागला आणि गाडी लिंप मोडमध्ये गेली, म्हणजे इंजिनने स्वतःला वाचवायला ताकद कमी केली. बंद करून परत चालू केली की बरी, पुढच्या चढाला पुन्हा तेच. स्कॅनरवर कोड आला पी०२९९, म्हणजे टर्बो, इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, हवा तेवढा दाब देत नाही. घरी बाबांनी निकाल देऊन टाकला, "टर्बो गेला." रिमॅप, म्हणजे लॅपटॉप लावून इंजिनच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवणं, केल्यापासून ते याच दिवसाची वाट बघत होते.

गॅरेजमधले मामा शहाणे. त्यांनी टर्बोला हात लावायच्या आधी क्लच बघितला. हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला, क्लच सोडला. इंजिन धक्का देऊन बंद पडलं. "क्लच एक नंबर आहे साहेब." मीही मान डोलावली. या क्षणाबद्दल मला आज स्वतःचाच राग येतोय, पण ते पुढे.

मग ओबीडीचा डोंगल, गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे फोनवर दाखवणारी डबी, लावून मीच आकडे बघत बसलो. आधी इंजिन बंद, नुसती चावी फिरवून. दाबाचा सेन्सर ९५ किलोपास्कल दाखवत होता. पुण्याच्या उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब साधारण तेवढाच असतो, म्हणजे सेन्सर खोटं बोलत नव्हता. चढावर ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, २४० मागत होता आणि मिळत होते १८५. धुराचं कोडंही तिथेच सुटलं. हवा मोजणारा सेन्सर एअर फिल्टरजवळ असतो. त्याने मोजलेली हवा पुढे वाटेतच बाहेर पडत असेल, तरी डिझेल मात्र पूर्ण हिशोबाने पडत राहतं.

वरून सगळे पाइप धडधाकट दिसत होते. मामांनी प्लंबिंगच्या दुकानातली टोपी आणली, तिला टायरचा व्हॉल्व्ह बसवला, टर्बोतून निघणारा पाइप सोडवून त्यात घट्ट कोंबली आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने १५ पीएसआय हवा भरली. मग साबणाचं पाणी. टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या खालच्या वळणावर, जिथे तेलकट धूळ बसली होती तिथे, फेसाचा फुगा आला. रबराला बोटभर चीर. दाब नसताना ती ओठ मिटल्यासारखी बंद असते, म्हणून कुणाला दिसली नाही. पाइप नवा, क्लिप नवी, काल संध्याकाळी काम संपलं.

आणि आज हे.

मघाशी डोंगलने नोंदवलेला आजचा लॉग उघडला. मागितलेला आणि मिळालेला दाब आता हातात हात घालून चालतात. टर्बो निर्दोष. पण चौथ्या गिअरमध्ये माझी गाडी हजार आरपीएमला ४० किलोमीटर वेग देते, हे गणित क्लच धरून असेल तर बदलूच शकत नाही. ७४ च्या वेगाला १८५० हवेत. लॉगमध्ये २४५० आहेत. सहाशे फेरे कुठे गेले? क्लचप्लेट आणि फ्लायव्हील, म्हणजे इंजिनला जोडलेलं जड चाक, यांच्यामध्ये, उष्णता होऊन.

हँडब्रेकच्या चाचणीत हे कसं कळणार? आयडलवर, पाय न दाबता, इंजिन जोर लावतं तो किती! पार संपलेला क्लच तेवढ्यात सापडतो, अर्धामुर्धा झिजलेला पास होतो. क्लच हरतो टॉर्कसमोर, म्हणजे इंजिनच्या पिळाच्या जोरासमोर, आणि डिझेलचा टॉर्क दोन हजारांच्या आसपासच शिगेला जातो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन तो टप्पा झपकन ओलांडतं. चौथ्या-पाचव्यात टर्बोला पूर्ण भरायला वेळ मिळतो आणि ओझं क्लचवर तसंच बसून राहतं. कंपनीचा टॉर्क २५० न्यूटन-मीटर, रिमॅपवाल्याने सांगितला ३२०. क्लचप्लेट दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगला हे कुणी कळवलं नव्हतं.

म्हणजे क्लच बहुधा आधीच डुगडुगत होता, फाटक्या पाइपाने त्याला सांभाळून घेतलं. दाबच नाही तर टॉर्क नाही, टॉर्क नाही तर स्लिप नाही. पाइप दुरुस्त करून मीच त्याला तोंडघशी पाडलं.

बुधवार

गिअरबॉक्स उतरवला. प्लेटचे रिव्हेट जवळपास वर आलेत, पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत. फ्लायव्हीलवर निळे डाग. इंजिनच्या क्रँकचं मागचं तेलाचं सील कोरडं, म्हणजे तेल पडून घसरला असंही म्हणता येत नाही. ९२,००० किलोमीटर, त्यातले शेवटचे वीस हजार रिमॅपवर. फ्लायव्हीललाही जास्त खेळ, म्हणजे ढिलेपणा, आलाय, तेही बदलायचं. बिलाचा आकडा इथे लिहीत नाही.

मामा प्लेट हातात देत म्हणाले, "त्या दिवशी मीच चुकलो साहेब." मी म्हटलं, मामा, मॅप तुम्ही नव्हता टाकला.

शनिवार

क्लच कंपनीचाच घेतला, जास्त टॉर्क झेलणारा हेवी-ड्यूटी नाही. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये तो जड पेडल माझ्या गुडघ्याला झेपणार नव्हता. म्हणून लॅपटॉपवाल्याकडे जाऊन टॉर्क उतरवून घेतला, २८० वर. गाडी थोडी मवाळ झालीय, खोटं कशाला सांगू.

नवी प्लेट घासून नीट बसेपर्यंत ५०० किलोमीटर पाय दाबायचा नाही. आज १४० झाले.