मनीचा खोकला आणि कापसाची खोली

आमची मनी बारा वर्षांची. हिंगणघाट तालुक्यातल्या खेड्यात मांजर एवढी टिकली म्हणजे म्हातारीच. दिवाळीनंतर ती रात्री-बेरात्री विचित्र करायला लागली. पोट जमिनीला टेकवायची, मान पुढे ताणायची आणि खर्र खर्र, सात-आठ वेळा. मग आवंढा गिळून, काही झालंच नाही अशी पंजा चाटत बसायची.

आम्हाला वाटलं, केसांचा गोळा अडकला. सासूबाई म्हणाल्या, "उंदीर अटकला अशीन घशात, होईन मोकळी." महिना गेला तरी गोळा काही पडला नाही. तिथंच कळायला हवं होतं. उलटीत काहीतरी बाहेर येतं, खोकल्यात बहुतेकदा काहीच येत नाही. शेजारच्या काकांनी तापाची पाव गोळी द्यायला सांगितलं. नशीब, दिली नाही. पॅरासिटामॉल मांजरीला विष आहे, पाव गोळीही जिवावर बेतू शकते.

आमच्याकडचे डॉक्टर मुख्यतः गाई-बकऱ्यांचे. त्यांच्यापुढे मनी ढिम्म, एकदाही खोकली नाही. त्यांनी दोन कामं सांगितली: खोकल्याचा व्हिडिओ काढा आणि गाढ झोपेत असताना मिनिटभर श्वास मोजा. झोपेत तीसच्या आत हवेत. मनीचे अडतीस भरले. तोंड उघडून धापा टाकायला लागली तर सकाळची वाट पाहू नका, असंही बजावलं.

भाच्याच्या गाडीतून, भाजीच्या क्रेटवर जाळी बांधून, तिला नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेलं. जांबपर्यंत नुसती ओरडत होती. वय झालेलं, म्हणून माझ्या मनात हृदयाचंच. पण व्हिडिओ पाहून मॅडम म्हणाल्या, हृदयामुळे कुत्रा खोकतो. मांजर सहसा खोकत नाही, तिला धाप लागते. एक्स-रेत छातीत पाणी नव्हतं, गाठही दिसली नाही. श्वासनळ्यांच्या भिंती मात्र जाड झालेल्या, कुठे रुळांसारख्या जोडरेघा, कुठे मेदूवड्यासारखी गोल कडी. उंदीर-पाली खाणाऱ्या मांजरीच्या फुफ्फुसात जंत होतात, म्हणून शीसुद्धा तपासली. जंत निघाले नाहीत. दम्याचाच प्रकार ठरला.

मग त्यांनी विचारलं, "झोपते कुठे?"

मी गप्पच झाले. भाव वाढेल म्हणून आम्ही यंदा कापूस खोलीत भरून ठेवलेला. मनीची गादी तीच, ढिगाच्या अगदी शेंड्यावर. भिंतीपलीकडे चूल, त्यात पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचा धूर. शिवाय सासूबाईंची उदबत्ती सकाळ-संध्याकाळ.

सुरुवातीला स्टेरॉइडच्या गोळ्या, मग त्या हळूहळू कमी करून पंप. लहान मुलांना लावतात तसाच, पुढे मुखवटा लावलेली नळी. पंपाचा पूर्ण गुण यायला आठ-पंधरा दिवस लागतात, तोवर गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. आठवडाभर मी रिकामा मुखवटाच तिच्यापुढे ठेवला, कडेला साय लावून. साय चाटली, मुखवटा पाहिला की पळाली. दहाव्या दिवशी तिने सात श्वास घेऊ दिले, तेही माझ्या मांडीत गच्च धरल्यावर.

बरं होणारं हे दुखणं नाही, आवरून ठेवायचं आहे. आता झोपेत श्वास चोवीस-पंचवीस भरतात, खोकला आठवड्यातून एखाद्या वेळी.

कापूस जानेवारीतच विकला. नंतर भाव वाढला की नाही, हा विषय घरात कोणी काढत नाही. मनी रिकाम्या खोलीच्या दाराशी मात्र अजून जाऊन बसते.