एम.कॉम.चं डिझर्टेशन आणि परत तोच गुगल फॉर्म

परत एक गुगल फॉर्म आलाय. "गोव्यातील पगारदार वर्गाच्या गुंतवणुकीच्या सवयी", फक्त दोन मिनिटं लागतील, मॅडम प्लीज भरा आणि तुमच्या ग्रुपवर पण टाका. भरला मी, नाही कशाला म्हणू, पोरगी आमच्याच कॉलेजातून बी.कॉम. होऊन एम.कॉम.ला गेलीय आणि सबमिशनच्या आधी तिला शंभरेक तरी रिस्पॉन्स पाहिजेत. पण भरताना दर वेळी पुढचा प्रश्न काय येणार ते आधीच कळत होतं. वय किती, उत्पन्न किती, एफडी की म्युच्युअल फंड, रिस्क घ्यायला आवडते का ते एक ते पाचमध्ये सांगा. मग ह्याला काय-स्क्वेअर ही संख्याशास्त्राची ठरलेली टेस्ट लागणार आणि शेवटी निष्कर्ष निघणार की लोकांचा कल एफडीकडे जास्त आहे. अगो, हे आमच्या आजीने फुकट सांगितलं असतं, तिच्या फिक्सच्या सगळ्या पावत्या तांदळाच्या डब्याखाली असायच्या.

माझं सांगायचं तर मी पण ताळगाव पठारावरूनच, म्हणजे गोवा विद्यापीठातूनच, एम.कॉम. केलं, अकाउंटिंग अँड फायनान्स घेऊन, मग काही वर्षं फोंड्याला एका सीएच्या ऑफिसात काढली आणि आता लेक्चर बेसिसवर, तासागणिक पैशावर, शिकवते. लेक्चर बेसिस म्हणजे काय ते गोव्यातल्या कॉमर्सवाल्यांना सांगायला नको. त्यामुळे दर वर्षी पोरं टॉपिक विचारायला येतात आणि दर वर्षी माझं तेच भांडण, की बाबांनो दुसरीकडे कुठे मिळणार नाहीत असले अकाउंट्सचे आणि टॅक्सचे प्रश्न तुमच्या घराच्या पायरीवर पडलेत आणि तुम्ही "कॉलेज विद्यार्थ्यांमधील आर्थिक साक्षरता" कसलं करताय.

पोरांचा पण पूर्ण दोष नाही म्हणा. अर्धा वर्ग सीएच्या दोन अटेम्प्टमधली वेटिंग रूम म्हणून एम.कॉम.ला येतो, उरलेल्यातले बरेच प्राध्यापकीसाठी नेटची परीक्षा द्यायची म्हणून, आणि काही जण घरी बसून काय करू म्हणून. शिकायचं असतं ते सगळं भारदस्त, इंड एएस ११६ ह्या अकाउंटिंग स्टँडर्डमध्ये लीज, म्हणजे भाडेकरार, बॅलन्सशीटवर कशी आणायची, पोर्टफोलिओ थिअरी, बीटा, इव्हेंट स्टडी. चांगलंच आहे ते, मी नाक मुरडत नाहीये. इंड एएस ११६ एप्रिल २०१९ पासून आलं तेव्हा भाड्याच्या जागा घेतलेल्या कंपन्यांची कर्जं कागदावर एकदम फुगली, हे ज्याला समजलं त्याला बॅलन्सशीट वाचता येते. पण उदाहरणं कायम मुंबईतल्या लिस्टेड कंपन्यांची, आणि पोरगं घरी जातं ते बापाच्या म्हापशातल्या दुकानात.

आता त्या दुकानावर येते, कारण मला मुळात आयकर कायद्याच्या सेक्शन ५ए बद्दल लिहायचं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. गोव्यात पोर्तुगीज सिव्हिल कोड अजून चालतो, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता दोघांची मिळून एक, अर्धी अर्धी. आता मालमत्ता दोघांची तर तिच्यातून येणारं उत्पन्न कोणाचं आणि टॅक्स कोणी भरायचा? दोघांना मिळून एक बॉडी ऑफ इंडिव्हिज्युअल्स धरायचं की काय, ह्यावर कोर्टात बरीच वर्षं गेली. मग १९९४ च्या फायनान्स ॲक्टने आयकर कायद्यात ५ए घातलं, तेही मागल्या तारखेने, थेट १ एप्रिल १९६३ पासून लागू. त्यात सांगितलंय की दोघांना मिळून एक धरायचं नाही, पगार ज्याचा त्याने दाखवायचा, आणि बाकी सगळं, म्हणजे धंदा, भाडं, व्याज, कॅपिटल गेन, दोघांच्या रिटर्नात निम्मं निम्मं. गोवा, दमण-दीव आणि दादरा-नगर हवेली सोडून ही भानगड देशात कुठेच नाही. (जाता जाता, सेक्शनमध्ये कोडचं साल १८६० छापलंय. कोड १८६७ चा. संसदेत पास झालेला कायदा आहे, कोणाला पडलीय.)

लोकांना वाटतं निम्मं निम्मं झालं की टॅक्स वाचतो. कधी वाचतो, कधी उलटा बसतो. २०२५-२६ चे नवीन टॅक्स रिजिमचे स्लॅब घ्या आणि कागदावर करून बघा. नवऱ्याचं दुकान, नफा २४ लाख, बायको घरी. ५ए लागला की दोघांना १२-१२ लाख, १२ लाखापर्यंत टॅक्स माफ करणारा रिबेट, म्हणजे टॅक्स शून्य. तोच नफा पत्रादेवीचा नाका ओलांडून महाराष्ट्रातल्या बांद्याच्या दुकानदाराने कमावला तर २४ लाख सगळे त्याच्या एकट्याच्या डोक्यावर, स्लॅबप्रमाणे ३ लाख आणि सेस धरून ३,१२,००० भरायचे. आता दुसरं जोडपं घ्या. दुकानाचा नफा १२ लाख आणि बायको शाळेत शिक्षिका, पगार ९ लाख. जोडपं बांद्याचं असतं तर नवरा १२ लाखावर शून्य, बायको ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन जाऊन सव्वाआठ लाखावर शून्य. गोव्यात? दुकानाचे ६ लाख उचलून बाईच्या रिटर्नात, तिचं उत्पन्न झालं सव्वाचौदा लाख, रिबेट गेला, सेससकट ९७,५०० टॅक्स. नवरा ६ लाखावर शून्य भरून मोकळा.

हे नुसतं गणित नाही, ऑफिसात मी ह्याच्यावरून टेबलापलीकडे भांडण झालेलं बघितलंय. हार्डवेअरचं दुकान होतं त्यांचं, बाई हेडमिस्ट्रेस. कॉम्प्युटेशनची प्रिंट त्यांच्या हातात दिली, त्यांनी चष्मा वर करून सगळं नीट वाचलं, शिक्षकीणच ती, बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली आणि बोट "बिझनेस इन्कम"वर थांबलं. हे माझं कधी झालं? म्हटलं बाई, कायद्याने निम्मं तुमचं. नवरा हळूच म्हणतो, अगो दुकान अर्धं तुझंच ना. तर बाई काय म्हणाल्या माहितीय, मग गल्ल्याची चावी दे. आमचे सर खाली मान घालून फाइल चाळत बसले. बाईंनी टॅक्स भरला, पण त्या वर्षीपासून दुकानाचे हिशेब महिन्याच्या महिन्याला बघायला लागल्या, आणि स्टॉक कसा लिहिला जातो ते मलाच विचारायच्या.

ह्याच्यावर कोणी डिझर्टेशन का करत नाही? नफा निम्मा बायकोचा, टॅक्स ती भरते, पण तो पैसा तिच्या खात्यात जातो का? किती जोडप्यांत जातो? दुकानाच्या पुस्तकात सगळा नफा नवऱ्याच्याच कॅपिटल अकाउंटला जमा होतो, रिटर्नात मात्र निम्मा, मग बायकोचा हिस्सा पुस्तकात ड्रॉइंग्ज (मालकाने घरी काढलेले पैसे) म्हणून दाखवायचा की तिचं लोन म्हणून की काहीच नाही? ऑफिसागणिक पद्धत वेगळी, विचारून बघा. बँकेत लोनला गेलं की वेगळंच नाटक, तिथला माणूस नवऱ्याचं रिटर्न बघतो, उत्पन्न निम्मंच दिसतं, म्हणतो एवढं लोन बसत नाही, मग बायकोला को-ॲप्लिकंट करा, तिची सही आणा. टीडीएसचा घोळ तर विचारूच नका. एफडी नवऱ्याच्या नावावर, व्याज एक लाख, बँकेने १० हजार कापले ते त्याच्या पॅनवर, आता व्याजाचे ५० हजार बायकोच्या रिटर्नात गेले तर टीडीएसचे ५ हजार पण जायला पाहिजेत. त्यासाठी रिटर्नात कॉलम आहे, शेड्यूल ५ए आहे, तिथे नवरा-बायकोचा पॅन टाकायचा असतो, आणि एकाने टाकलं आणि दुसऱ्याने नाही टाकलं की आकडे जुळत नाहीत आणि नोटीस येते. साधा पगारदार, बँकेत थोडंफार व्याज, पण ५ए लागतो म्हणून आयटीआर-१ चालत नाही, दोन नंबरचा मोठा फॉर्म भरा.

आणि सगळ्यात भारी प्रश्न म्हणजे हा लागतो नेमका कोणाला. दुकान कुठे आहे त्यावर ते नाही, जोडपं कुठल्या कायद्याखाली येतं त्यावर आहे. पेडणे आणि सावंतवाडीत सोयरिक किती जुनी, मुलगी तिकडची, मुलगा इकडचा, लग्न कधी इकडे रजिस्टर कधी तिकडे, नोकरी पुण्याला. कोण ५ए भरतं, कोण नाही, कोणी ठरवलं, सीएने की सासऱ्याने? १ एप्रिल २०२६ पासूनच्या नवीन आयकर कायद्यातही ही तरतूद आहे, नंबर तेवढा बदलला, म्हणजे विषय काय लगेच संपणारा नाही.

बरं टॅक्स नको असेल तर मायनिंग घ्या. डिचोली, सत्तरी, सांगेकडच्या पोरांनी तर घ्यायलाच पाहिजे, ज्यांच्या दारात ट्रक उभे राहून गंजले. २०१२ ला खाणी बंद, २०१४ च्या एप्रिलात सुप्रीम कोर्टाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली, मग ७ फेब्रुवारी २०१८ ला ८८ लीजांचं रिन्यूअल रद्द आणि मार्चमध्ये परत सगळं ठप्प. ह्याच्यावर लिहितात पोरं, नाही असं नाही, पण लिहितात ते "सामाजिक-आर्थिक परिणाम", परत तोच फॉर्म. त्यातला अकाउंट्सचा मुद्दा कोणी हात लावत नाही. २०१४ च्या निकालात कोर्टाने सांगितलं की खनिज विक्रीच्या रकमेतले १० टक्के एका कायमस्वरूपी फंडात टाका, पुढच्या पिढ्यांसाठी. का? कारण जमिनीतलं खनिज एकदा काढलं की संपलं. आता अकरावीचा धडा आठवा, कॅपिटल रिसीट (मालमत्ता विकून आलेली जमा) आणि रेव्हेन्यू रिसीट (चालू जमा). राज्याच्या बजेटमध्ये खाणीची रॉयल्टी महसुली जमेत येते, म्हणजे चालू उत्पन्न, पगार-पेन्शनला खर्चायला मोकळी. दुकानदाराने दुकानाची जागा विकून ते पैसे विक्रीत धरले तर आम्ही त्याला ऑफिसातून हाकलून देऊ, पण सरकारने केलं की ते बजेट. ह्यावर गोव्यात पर्यावरणवाले बोलतात, कोर्टात जातात, आणि कॉमर्सवाले गप्प. खरं तर प्रश्न आपल्या विषयाचा. बजेटची कागदपत्रं नेटवर आहेत, कॅगचे रिपोर्ट आहेत, दहा-पंधरा वर्षांची रॉयल्टी कॅपिटल रिसीट धरून राज्याची महसुली शिल्लक परत मांडून बघा, एक एक्सेल शीट पुरते.

कोमुनिदाद पण आहे, गावकारांची जुनी संस्था, शेतं लिलावाने द्यायची, खर्च जाऊन उरलं ते झोण म्हणून वाटायचं. १९६१ चा पोर्तुगीज कोड त्यांना लागू, हक्क जन्माने, आणि काही ठिकाणी विकत घेता येणारे शेअरही. कंपनी नाही, सोसायटी नाही, ट्रस्ट नाही. ह्यांचा ताळेबंद कुठल्या स्टँडर्डने करायचा सांगा मला. कॅसिनोचा जीएसटी ऑक्टोबर २०२३ पासून खेळायच्या चिप्स विकत घेताना भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के झाला आणि सप्टेंबर २०२५ पासून ४०, पण त्यावर लिहायला आकडे कोण देणार, ते सोडाच.

ह्या सगळ्यावर गाइडचं एक ठरलेलं उत्तर असतं, लिटरेचर रिव्ह्यू कुठून आणणार. असतं ते शोधलं तर. ५ए साठी सेक्शनचा मूळ मजकूर, त्याआधीचे हायकोर्टाचे टॅक्सचे निकाल, कोमुनिदादीसाठी पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीतली पोर्तुगीज गॅझेट्स आणि घरात कोणी पोर्तुगीज वाचणारे आजोबा असले तर त्यांची एक दुपार. अमेरिकन जर्नलमधले चाळीस पेपर कॉपी-पेस्ट करण्यापेक्षा बरं. आणि सॅम्पल साइज छोटा होतो म्हणून घाबरू नका, बारा सीए आणि वीस जोडप्यांशी नीट बसून बोललात, त्यांच्या कॉम्प्युटेशन नावं झाकून बघितल्यात तर ते दोनशे टिकमार्कांपेक्षा कधीही जड. व्हायवाला एक्सटर्नल परीक्षक गोव्याबाहेरचा आला तर ५ए हे नाव ऐकूनच सरळ होऊन बसेल, हे मी लिहून देते.

मात्र सीए ऑफिसात बसायची परवानगी मागायची तर वेळ बघून मागा. जुलै ते ऑक्टोबर तुम्हाला कोणी दारात उभं करणार नाही, चवथीची सुट्टीसुद्धा आम्ही ऑडिटच्या फाइली घरी नेऊन काढायचो. नोव्हेंबरात जा, सकाळी अकराच्या सुमाराला, आणि सरांना नाही, आधी ऑफिसातल्या जुन्या अकाउंटंटला भेटा. कुठल्या फाइलीत काय भांडण झालं ते त्यालाच माहीत असतं.