उंदीर मारणाऱ्यांच्या देशात

न्यूझीलंडच्या राजधानीत, वेलिंग्टनमध्ये राहायला आलो तेव्हा शेजारच्या आजोबांनी स्वागताला काय आणलं असेल? लाकडी पेटीत बसवलेला उंदरांचा सापळा, आणि आमिषाला पीनट बटरची बरणी. पेटी कुंपणाला लागून का ठेवायची, तोंड कुठल्या बाजूला हवं, हे त्यांनी रोपटं लावायला शिकवावं इतक्या आस्थेने समजावलं. इथे घरोघरी परसात असे सापळे असतात आणि काय सापडलं याची नोंद लोक हौसेने ठेवतात. स्वभावाने ही अगदी मवाळ माणसं. म्हणूनच सुरुवातीला हे सगळं फार विचित्र वाटायचं.

कारण समजायला बरंच मागे जावं लागतं. माणूस न्यूझीलंडला पोहोचला तेव्हा वटवाघळं आणि किनाऱ्यावर येणारे सील सोडले, तर इथे एकही सस्तन प्राणी नव्हता. जमीन पक्ष्यांचीच होती. कित्येकांनी उडणं सोडून दिलं, जमिनीवर घरटी केली. भीती होती ती वरून, म्हणजे आता नामशेष झालेल्या प्रचंड हास्ट गरुडासारख्या शिकाऱ्यांची. गरुड डोळ्यांनी शिकार शोधतो, त्यामुळे चाहूल लागली की जागच्या जागी थिजून बसणं हा उत्तम बचाव होता. काकापो हा न उडणारा, चार किलोपर्यंत भरणारा निशाचर पोपट आजही तेच करतो. पण त्याच्या अंगाला गोडसर वास येतो, आणि उंदीर, मांजर, स्टोट (मुंगसासारखा लांबट, चपळ शिकारी) शिकार शोधतात ती नाकाने. थिजलेला, घमघमणारा पोपट म्हणजे त्यांच्यापुढे वाढून ठेवलेलं ताट.

कियोरे हा लहान उंदीर इथल्या मूळ रहिवाशांबरोबर, माओरींबरोबर आला, बाकीची फौज युरोपियनांच्या जहाजांतून. काही प्राणी चोरून उतरले, काही मुद्दाम आणले गेले. पॉसम हा झाडांवर राहणारा केसाळ प्राणी ऑस्ट्रेलियातून आणला तो फरच्या धंद्यासाठी. सगळ्यात संताप येतो तो स्टोटच्या गोष्टीचा. हौसेने आणलेल्या सशांनी कुरणं फस्त केली, म्हणून १८८०च्या दशकात हा शिकारी सोडला. पक्षी वाचणार नाहीत, असं जाणकारांनी आधीच बजावलं होतं. ऐकलं कोणी नाही. पुढे १८९४पासून रिचर्ड हेन्री या माणसाने शेकडो काकापो आणि न उडणारे किवी पक्षी होडीतून रेझोल्यूशन बेटावर नेऊन सोडले. काही वर्षांतच तिथेही स्टोट दिसला. स्टोटला उत्तम पोहता येतं.

तरीही ‘उंदरांनी असा कितीसा फरक पडणार?’ असं मानणारे तज्ज्ञ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत होते. त्यांना उत्तर मिळालं ते १९६४मध्ये, दक्षिणेकडच्या बिग साउथ केप या छोट्या बेटावर. जहाजी उंदीर तिथे उतरल्याचं कळलं तेव्हा बेटावर त्यांचा सुळसुळाट झाला होता. वन्यजीव खात्याची माणसं धावली. सॅडलबॅक जातीचे ३६ पक्षी उचलून उंदीर नसलेल्या बेटांवर हलवले, म्हणून ती जात दक्षिणेत टिकली. पण तिथला पाणलावी हा पक्षी पकडूनही जगला नाही. बुश रेन हा चिमुकला पक्षी दुसऱ्या बेटावर नेला, तिथे काही वर्षं तग धरून संपला. वटवाघळाची एक जातही गेली. एका बेटावर, एका उंदरापायी, तीन जाती! त्यानंतर वाद थांबला आणि बेटं उंदीरमुक्त करण्याचं शास्त्र इथे उभं राहिलं. २००१मध्ये ११ हजार हेक्टरांहून मोठ्या कॅम्पबेल बेटावर हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकून सगळे उंदीर संपवले. १९९५मध्ये ५१ उरलेले काकापो आज अडीचशेच्या आसपास आहेत, तेही अशा शिकारीमुक्त बेटांमुळे.

आता लक्ष्य अख्खा देश आहे. २०१६मध्ये सरकारने ‘प्रिडेटर फ्री २०५०’ जाहीर केलं. उंदीर, पॉसम आणि स्टोटची जमात २०५०पर्यंत देशातून नाहीशी करायची. मला हे फार महत्त्वाकांक्षी वाटतं. पण आमच्याच शहरातला मिरामार द्वीपकल्प, विमानतळापलीकडची भरवस्ती, २०२३मध्ये उंदीरमुक्त झालाच. शहरातल्याच झीलँडिया अभयारण्याभोवती साडेआठ किलोमीटरचं कुंपण आहे. तिथे २००२पासून सोडलेले काका पोपट आता शहरभर फिरतात, झाडांच्या साली सोलतात आणि घरांचं लाकूड कुरतडून शिव्याही खातात.

सगळं सुरळीत नाही. जंगलांवर हेलिकॉप्टरमधून टाकल्या जाणाऱ्या ‘१०८०’ विषावरून इथे कडाक्याची भांडणं होतात. हरणंही मरतात म्हणून शिकारी चिडतात, कुत्र्यांचे मालक घाबरतात, आणि किया हे डोंगरी पोपटही त्याने दगावले आहेत. तरी विष न टाकलेल्या, सापळे न लावलेल्या जंगलात किवीची शंभरातली जेमतेम पाच पिल्लं मोठी होतात, हा हिशेब पाहिला की विरोधकांशी पूर्ण सहमत होणं मला जमत नाही.

खरी पंचाईत मांजरांची. २०१०मध्ये रुआपेहू पर्वताजवळ एकाच मांजराने आठवडाभरात दुर्मीळ जातीची शंभराहून अधिक वटवाघळं मारली. अखेर २०२५मध्ये रानटी मांजरं या मोहिमेच्या यादीत आली. पाळीव मांजरं मात्र यादीबाहेर, आणि मांजर पाळण्यात हा देश जगात फार पुढे आहे. ऑफिसात जेवताना स्टोटबद्दल सगळ्यांचं एकमत असतं, उंदरांबद्दल तर असतंच. घरातल्या मांजराला रात्री बाहेर सोडावं का, असं विचारलं की कोणीतरी घाईघाईने वेलिंग्टनच्या वाऱ्याचा विषय काढतं.